मुले स्वतः मोटार बनवतात तेव्हा

घरात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर हा प्रसंग आपल्याकडेही घडला असेल. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. चिरंजीव जेवायला बसतात. नखांत काळे ग्रीस, शर्टाच्या बाहीला ठिणग्यांनी पडलेली बारीक भोके. आई विचारते, “इतका वेळ कुठे होतास?” उत्तर मिळते, “वर्कशॉपमध्ये. आम्ही गाडी बनवतोय.” यावर वडील वर्तमानपत्र खाली ठेवतात आणि म्हणतात, “आणि सबमिशन?” पुढचा संवाद बहुतेक घरांत सारखाच असतो.

ही गाडी म्हणजे खेळणे नव्हे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यात एका माणसाची बैठक, मागे इंजिन, चार चाके, आणि खाचखळग्यांतून उड्या मारत धावण्याची ताकद. देशभरातील कितीतरी महाविद्यालयांत अशा गाड्या बनतात. त्यापायी मुलांचे आख्खे वर्ष खर्ची पडते, घरच्यांच्या खिशाला चाट बसते, क्वचित एखादा विषयही मागे राहतो. आणि एवढे करून ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही! मग हा उपद्व्याप कशासाठी? मुलांना विचारले तर ती ‘पॅशन’ म्हणतात, पालकांना विचारले तर ते ‘नाद’ म्हणतात. दोन्ही शब्दांनी माझे समाधान होईना. म्हणून गेल्या हिवाळ्यात भिलाईच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सुट्टीत भरलेल्या हातकामाच्या वर्गाला मी जाऊन बसले. वर्ग सहा दिवसांचा. वीस-बावीस मुले-मुली, बहुतेक दुसऱ्या वर्षाची. सहा दिवसांत सुट्या भागांतून एका माणसाची गाडी उभी करायची, असा बेत होता.

पोलादाच्या गावातली मुले

भिलाई हे गाव कारखान्याच्या पोटी जन्मले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भातशेतीच्या त्या मुलखात सेक्टरांची वसाहत उभी राहिली. देशाच्या चारी कोपऱ्यांतून माणसे आली. त्यांत नागपूर, भंडारा, अमरावतीकडची मराठी कुटुंबेही पुष्कळ. आपण ज्या रेल्वेने प्रवास करतो तिचे रूळ बहुतेक याच कारखान्यातले. एकसंध १३० मीटर लांबीचा रूळ इथे काढतात आणि दोन रूळ जोडून २६० मीटरचा सलग तुकडा करतात. थोडक्यात, लोखंड तापवणे, लाटणे, कापणे आणि जोडणे हाच या गावाचा पिढीजात धंदा. एकेका गल्लीत फिटर, वेल्डर, क्रेनचालक राहत आले आहेत.

पण भिलाईची दुसरीही एक कीर्ती आहे, आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची. सिव्हिक सेंटरच्या परिसरातील शिकवण्यांचे फलक पाहिले की ती लगेच ध्यानात येते. आठवी-नववीपासून मुले चार पर्यायांतून एक उत्तर निवडायला शिकतात. बापाने आयुष्यभर भट्टीची धग सोसलेली असते. मुलाने ती सोसू नये, त्याने थंड खोलीत बसून काम करावे, ही त्याची इच्छा. या इच्छेला कोण नावे ठेवील? तिचा एक परिणाम मात्र कोणाच्या ध्यानात आला नाही, आणि तो वर्गाच्या पहिल्याच सकाळी दिसला.

शिकवणाऱ्यांत एक तरुण प्राध्यापक होते. विद्यार्थी असताना त्यांनी स्वतः अशी गाडी बनवली होती. मदतीला शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी. आणि पाचवे, कारखान्यातून निवृत्त झालेले एक वेल्डर. मुले त्यांना ‘अंकलजी’ म्हणत. मूळचे भंडारा जिल्ह्यातले, त्यामुळे मी त्यांना काका म्हणू लागले. काकांनी टेबलावर एक कानस ठेवली आणि हिंदीत विचारले, “ही कोणी कधी चालवली आहे?” दोन हात वर झाले. एक सायकल दुरुस्तीचे दुकान असलेल्याच्या मुलाचा. दुसरा एका मुलीचा, तिने शाळेच्या प्रदर्शनासाठी पत्रा घासला होता. बाकीच्यांतले निम्मे कारखान्यातल्या कामगारांची मुले-नातवंडे होती.

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “पाहा न मॅडम. याच्या आज्यासंगं मी काम केलं. आजा डोळे मिटून बोल्ट कसत होता. अन् नातवाले पान्हा कोण्या बाजूनं फिरवा लागते ते मालूम नाही.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. चुकलेला हिशेब दाखवावा तसे ते दाखवत होते.

सुटे भाग, घरची गाडी

अशा सुट्या भागांच्या गाडीला परदेशात ‘किट कार’ म्हणतात. कल्पना आपल्या गृहिणींना नवी नाही. बाजारातून भाजणी आणावी आणि चकल्या घरी पाडाव्यात, तसाच हा प्रकार. कंपनी सांगाडा आणि भाग पेटीत भरून देते, गिऱ्हाइकाने ते आपल्या गॅरेजमध्ये जोडायचे. इंग्लंडमध्ये याची लाट आली ती हौसेइतकीच कर वाचवण्यासाठी. युद्धानंतर तिथे तयार मोटारीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांवर तो लागत नसे. कॉलिन चॅपमन या अभियंत्याच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ नावाची हलकी, दोन माणसांची मोटार काढली आणि ती अशा संचाच्या रूपातही विकली. असे सांगतात, की संचाबरोबर जोडणीची पुस्तिका दिली तर कर लागायचा, म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका देई आणि गिऱ्हाईक ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत असे! १९७३ मध्ये ही करपद्धत बदलली, पण छंद टिकला. त्याच वर्षी ‘सेव्हन’चे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. तिथे ती गाडी अजून बनते, आणि पेटीत भरूनही मिळते.

आपल्याकडे हा छंद घराघरांत रुजला नाही. गॅरेज असलेली घरे किती? शिवाय कायद्याची अडचण आहे, तिच्याकडे पुढे येतेच. आपल्याकडे हे काम महाविद्यालयांत शिरले ते स्पर्धेच्या वाटेने. अमेरिकेत १९७६ पासून विद्यार्थ्यांची ‘बाहा’ नावाची स्पर्धा होते. मुलांनी खडकाळ रानात धावणारी एका माणसाची गाडी स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि शर्यतीत उतरवायची. वाहन अभियंत्यांच्या एसएईइंडिया या संस्थेने २००७ मध्ये ती भारतात आणली. इंदूरजवळच्या पिथमपूर येथील वाहनचाचणी केंद्राच्या मैदानावर ती भरू लागली. २०१५ पासून विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा वेगळा गटही झाला. पुण्याच्या महाविद्यालयांचे संघ या स्पर्धेत नावाजलेले आहेत. दुर्ग-भिलाईचे संघही तिथे जात आले आहेत. भिलाईचा वर्ग म्हणजे या स्पर्धेची पूर्वतयारीच. पुढच्या वर्षीच्या संघात कोणाला घ्यायचे, ते इथे ठरते.

पेट्रोलच्या गटात अनेक वर्षे सर्व संघांना इंजिन एकाच जातीचे मिळत आले. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे, ३०५ सीसीचे, दहा अश्वशक्तीचे. त्यात ढवळाढवळ करायची नाही. फेरे मिनिटाला ३८०० च्या वर जाऊ नयेत अशी कळ बसवून त्यावर मोहोर लावतात. म्हणजे ज्याच्या बापाकडे पैसा त्याची गाडी पुढे, असे होऊ नये. हुशारी दाखवायची ती सांगाड्यात, वजनात, चाकांच्या बांधणीत. मला हा नियम फार आवडला. बाकीचे भाग मुले कुठून आणतात? अहो, आपल्याच गाड्यांतून! मालवाहू तीनचाकीचा गिअरबॉक्स, मारुती ८०० च्या स्टिअरिंगचा रॅक, तिचाच ब्रेकचा मास्टर सिलिंडर, मोटारसायकलच्या डिस्क. भंगार बाजारात या मुलांना आता दुकानदार नावानिशी ओळखतात.

माशाचे तोंड

सहा दिवसांत गाडी म्हटले तरी सगळे पहिल्यापासून करणे शक्य नसते. मोठा सांगाडा शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आधीच जोडून ठेवला होता. नाकाडाचा भाग आणि बाजूच्या आडव्या नळ्या मात्र मुद्दाम सोडल्या होत्या. इंजिन, चाके, ब्रेक हे सगळे जुन्या स्पर्धेच्या गाडीतून सोडवून लाकडी खोक्यांत भरलेले.

पहिले दोन दिवस मुलांनी फक्त नळ्यांची टोके घासली. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण गोल नळी दुसऱ्या गोल नळीला टेकवून पाहा, फट राहतेच. ती न राहावी म्हणून पहिल्या नळीचे टोक माशाच्या उघड्या तोंडासारखे कोरावे लागते. मग ते दुसऱ्या नळीला असे धरते, की मध्ये पोस्टकार्डही जाऊ नये. ग्राइंडरने ढोबळ कापायचे आणि कानशीने बेताबेताने आणायचे. एका मुलाने संगणकावर ती खाच अचूक काढली होती, कागदावर छापून नळीभोवती गुंडाळलीही होती. तरी त्याची नळी बसेना. काका म्हणाले, “कागद बराबर आहे. हात बराबर नाही.” संध्याकाळपर्यंत त्याने पाच तुकडे वाया घालवले. सहावा बसला तेव्हा त्याने तो सगळ्यांना नेऊन दाखवला, अगदी चहावाल्यालाही.

या मुलांना गणित उत्तम येते, हे मुद्दाम सांगायला हवे. सांगाड्याच्या मुख्य नळ्यांना नियम आहे. साध्या पोलादाची नळी बाहेरून २५ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, पोलादात कार्बन निदान ०.१८ टक्के. दुसरी नळी वापरायची तर ती वाकण्याला तितकाच विरोध करते, हे आकड्यांनी सिद्ध करायचे. हे आकडे मुलांनी फळ्यावर भराभर मांडले. कार्बनचे प्रमाण एवढेच का, असे काकांनी विचारल्यावर मात्र शांतता पसरली. तेव्हा काकांनी आपल्या पद्धतीने सांगितले. कार्बन वाढला की पोलाद कडक होते, पण ठिसूळही होते आणि जोड देताना तडकते. कमी झाला तर मऊ पडते. ज्यात माणूस बसायचा आहे, तो सांगाडा आपटल्यावर वाकला तर चालेल, तुटता कामा नये. चार दशके भट्टीच्या गावात राहिल्यावर हे ज्ञान येत असावे. पुस्तकात ते एका ओळीत असते आणि परीक्षेला एका गुणाला येते.

जोडणीची गोष्ट याहून मोठी. बाहाच्या नियमांनुसार सांगाडा ज्याने जोडला त्याला नमुन्याचे दोन जोड द्यावे लागतात. एक काटकोनातला. तो ओढून तोडतात, आणि तुटायचा तर नळी तुटली पाहिजे, जोड नाही. दुसरा तीस अंशांच्या कोनातला. तो उभा चिरतात आणि वितळलेले लोखंड आतपर्यंत गेले आहे की नाही, ते पाहतात. काकांनी हीच परीक्षा वर्गात घेतली.

एका मुलीचा जोड दिसायला सर्वांत देखणा होता. एकसारख्या लहरी, पैठणीच्या काठावर वेल काढावी तशा. सगळ्यांनी मोबाइलवर छायाचित्रे घेतली. मग काकांनी तो शिकंज्यात धरला आणि करवतीने उभा चिरला. आत काळी रेघ. मुळाशी दोन्ही नळ्या जोडल्याच गेल्या नव्हत्या, वरून नुसता लेप बसला होता. ती काही बोलली नाही. तिचे वडील कारखान्यात शिफ्टवर आहेत, तिने गेटच्या परीक्षेची तयारी करावी आणि हे वर्कशॉप सोडावे असे त्यांचे म्हणणे आहे, हे मला नंतर कळले. काकांनी एवढेच सांगितले, “हात जल्दी चालला. थोडा थांब, पाणी होऊ दे लोखंडाचं.” त्या दिवशी तिने सात जोड दिले आणि सातही स्वतः चिरले. सातव्यात काळी रेघ नव्हती. तो चिरलेला तुकडा तिने ओढणीच्या टोकात बांधून घरी नेला, वडिलांना दाखवायला. वडील काय म्हणाले, ते मी दुसऱ्या दिवशी विचारले. “काहीच बोलले नाहीत,” ती म्हणाली. “पण चष्मा लावून पाहिला.”

मुलींना हे झेपते का, हा प्रश्न आपल्या घरांत अजून विचारला जातो, म्हणून सांगते. पुण्याच्या कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालयातून निव्वळ मुलींचे संघ या स्पर्धेत उतरले आहेत. भिलाईच्या वर्गात पाच मुली होत्या. त्यांची अडचण ताकदीची नव्हती, घरी परतायच्या वेळेची होती.

रस्त्यावर का नाही?

आता कायद्याचे बोलू. गाडी बनली, चालली, मग एक दिवस मित्राला मागे उभे करून ती कोपऱ्यापर्यंत न्यायला काय हरकत आहे? हरकत आहे. आपल्या देशात कोणतीही मोटार रस्त्यावर यायची, तर तिच्या नमुन्याची तपासणी आणि मंजुरी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ वा नियम त्यासाठीच आहे. ही तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या वाहन संशोधन संस्थेसारख्या, मान्यताप्राप्त ठिकाणी होते. हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीला हा खर्च परवडतो, एक गाडी करणाऱ्याला नाही. ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची सोय आहे. आपल्याकडे सामान्य माणसाला तशी सोपी वाट नाही. चालत्या गाडीत मनाजोगे फेरफार करण्यालाही मर्यादा आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. आणि अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, ही तरतूदही २०१९ पासून कायद्यात आहे. धाकट्या भावाला ‘एक चक्कर’ मारू देण्यापूर्वी हे आठवावे.

काहींना हे अन्यायाचे वाटते. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या एका लोहाराने भंगारातून, साठ-एक हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केले, पण ती गाडी नियमांत बसणारी नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, असेही स्पष्ट म्हटले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबाला ती मिळाली.

त्याच्या कितीतरी आधी, इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार बनवली होती. शिक्षण सातवीपर्यंत. पहिला नमुना १९४९ चा. पुढे सुधारत सुधारत १९७० च्या सुमारास त्यांनी ती अशी केली, की बारा हजारांच्या आसपास किमतीत मध्यमवर्गाला घेता यावी. गाडी चालत होती, लोक वळून पाहत होते. पण ती कारखान्यातून बाजारात कधी आली नाही. ‘मीरा’ची आठवण निघाली की आपल्याकडे हळहळ व्यक्त होते, आणि ती योग्यच आहे. तरीही मी कायद्याच्या बाजूने आहे. एक देखणा जोड आतून पोकळ असलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो चिरल्याशिवाय कळला नव्हता, आणि रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांचे जोड कोण चिरून पाहणार? दुःख आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. शंकररावांच्या हाती जे होते, ते शिकण्यासाठी त्यांच्याकडे कोणी गेले नाही.

पालकांनी काय विचारावे

मुलगा अशा संघात जातो म्हणाला, तर घाबरून जाऊ नका. पण हुरळूनही जाऊ नका. स्पर्धेची गाडी काही लाखांच्या घरात जाते. ते पैसे महाविद्यालय देते, पुरस्कर्ते देतात की मुलांच्या वर्गणीतून उभे राहतात, हे आधी विचारा. वर्कशॉपमध्ये रात्री कोणी जाणता माणूस असतो का, डोळ्यांना काच, पायात जाड बूट घालायला लावतात का, तेही विचारा. चप्पल घालून ग्राइंडर चालवणारी मुले मी अन्यत्र पाहिली आहेत. या वर्गात काकांनी चपला घातलेल्या दोघांना पहिल्याच दिवशी घरी पाठवले.

आणखी एक प्रश्न अवश्य विचारा, “जोड कोणी दिले?” कारण काही ठिकाणी सांगाडा बाहेरच्या कारागिराकडून करून घेतात.  पण मग मुलांच्या वाट्याला उरते काय? रंग, स्टिकर आणि संघाच्या नावाचे टी-शर्ट. गाडीच्या आधी टी-शर्ट तयार होणारे संघ प्राध्यापकांनी बरेच पाहिले आहेत. ते हसत म्हणाले, “ज्यांच्या टी-शर्टला डाग नसतात, ते तपासणीत अडकतात.”

अभ्यासाचे काय? खोटे बोलत नाही, नुकसान होते. शेवटच्या वर्षाच्या चौघांपैकी एकाचा एक विषय राहिला होता. त्यानेच मला सांगितले, तेही आईला अजून सांगितले नसताना. नोकरीच्या मुलाखतीत ही गाडी कामी येते, असे मुले ठासून सांगतात. येतही असेल. पण केवळ तेवढ्यासाठी वर्ष घालवायला मी माझ्या भाच्याला सांगणार नाही. नळीचे टोक पाच वेळा चुकल्यावर सहाव्यांदा घासायची त्याची तयारी असेल तर मात्र सांगेन. शिकवणीच्या वर्गात पहिल्याच फटक्यात बरोबर येणाऱ्या मुलांना ही तयारी शिकायला दुसरी जागा उरलेली नाही, निदान भिलाईत तरी.

पाच सेकंद

सहाव्या दिवशी दुपारी गाडी चाकांवर उभी राहिली. मला वाटले, आता इंजिन सुरू होणार. पण नाही. आधी माणूस बसवून माप घेतले. शिरस्त्राण घातलेले डोके आणि वरच्या नळ्या यांत निदान सहा इंच अंतर हवे. सर्वांत उंच मुलगा बसला, ते पाच भरले. त्याची बैठक खाली सरकवली. मग पट्टे. पाच ठिकाणी बांधलेला पट्टा, शिवाय गाडी उलटली तर हात बाहेर जाऊ नयेत म्हणून मनगटांना वेगळे बंध. इंजिन बंद करण्याच्या कळा दोन, एक चालकाच्या हाताशी आणि एक बाहेर, म्हणजे धावत आलेल्या माणसालाही ती दाबता यावी.

आणि मग घड्याळ. आग लागली असे समजून चालकाने पट्टे सोडवून पाच सेकंदांत बाहेर यायचे. उंच मुलाला आठ लागले, त्याचा पाय स्टिअरिंगखाली अडकला. दुसऱ्याला सहा. सात जोड चिरणारी ती मुलगी बसली. पट्टा सुटल्याचा आवाज झाला आणि ती बाहेर उभी. साडेचार. मागे कोणीतरी शिट्टी वाजवली. काका तिच्याकडे न पाहता हातातल्या कागदावर आकडा लिहीत होते, पण मिशीत हसत होते.

ब्रेकची परीक्षा शेवटी. वेग घ्यायचा आणि ब्रेक दाबायचा, चारही चाके एकदम जागच्या जागी थांबली पाहिजेत. मैदानाच्या कडेला आम्ही सगळे उकिडवे बसलो. पहिल्या फेरीत मागचे उजवे चाक फिरत राहिले. नळीतली हवा काढली, पुन्हा धाव, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लाल मातीवर चार काळसर पट्टे उमटले आणि धूळ आमच्या अंगावर आली. मुलांनी त्या चार पट्ट्यांची छायाचित्रे घेतली, गाडीची नंतर.

प्रत्येकाने मैदानाला दोन-दोन फेऱ्या मारल्या. अंधार पडायच्या बेताला इंजिन बंद केले आणि लगेच पान्हे निघाले. हेच भाग सोमवारी दुसऱ्या तुकडीला हवे होते. नुकतीच बांधलेली गाडी मुले सोडवू लागली. चाके निघाली, ब्रेकच्या नळ्या निघाल्या, इंजिन चौघांनी उचलून खोक्यात ठेवले. सकाळी जे बसवायला चार तास लागले होते, ते तासाभरात सुटे झाले, आणि कोणता पान्हा कोणत्या बोल्टला लागतो हे आता कोणी कोणाला विचारत नव्हते. काकांनी बोल्ट मोजून डब्यात भरायला लावले. एक कमी भरला. मोबाइलच्या उजेडात सगळे फरशीवर ओणवे झाले. काका दाराशी स्टूल टाकून बसले होते. बोल्ट सापडेपर्यंत त्यांनी कोणाला घरी जाऊ दिले नाही.